निसर्गोपचाराची वाटचाल : ग्रेफेनबर्ग ते उरुळी कांचन

महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात एका मराठी गृहस्थाचे अगदी छोटे चित्र आलेले आहे. १९१८ सालची ती गोष्ट. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करून गांधीजी आमांशाने अंथरुणाला खिळले होते. औषध घेण्यास व टोचून घेण्यास त्यांनी नकार दिला होता, आणि यातून आपण उठत नाही अशी त्यांची जवळजवळ खात्री होऊन चुकली होती. अशा वेळी केळकर नावाचे एक अपरिचित गृहस्थ त्यांच्याकडे आले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अभ्यास त्यांनी पुरा होत आणला होता, पदवी मात्र घेतली नव्हती. ते ब्राह्मसमाजी होते, आणि बर्फावर त्यांची गाढ श्रद्धा होती. गांधीजींनी त्यांना आपल्या देहावर प्रयोग करू दिला. सर्वांगावर बर्फ फिरविण्याच्या त्या उपचाराने गांधीजींना थोडी हुशारी आली व ते पाच-दहा मिनिटे फिरू लागले. गुण आला खरा, पण केळकर म्हणत होते तेवढा आला असे म्हणण्यास गांधीजी तयार नव्हते. आश्रमात या गृहस्थांचे नाव 'बर्फाचे डॉक्टर' असेच पडले.

असा एक केळकर आपल्या प्रत्येक गावात असतो. पदवीच्या उंबरठ्यावरून परत फिरलेला, मान्यवर वैद्यांना न दिसलेले काहीतरी आपल्याला दिसले आहे असा दृढ विश्वास बाळगणारा, निःस्वार्थी, आग्रही आणि पुष्कळदा थोडासा उपद्रवी. त्याला हसणे सोपे आहे. परंतु निसर्गोपचाराचा इतिहास पाहू लागले म्हणजे ही सारी चळवळ अशाच माणसांनी उभारली असे दिसून येते, आणि त्यांच्या हट्टात शहाणपण किती व हेका किती, याचा निवाडा त्या त्या काळच्या वैद्यकाकडे पाहिल्यावाचून करता येत नाही. आमच्या या लेखाचा हेतू तो निवाडा यथाशक्ती करावा, एवढाच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंचमहाभूते, लंघन, सूर्य, माती हे शब्द कानावर पडले की निसर्गोपचार हा आपल्या ऋषिमुनींचा वारसा असावा असे आपण सहज गृहीत धरतो. आयुर्वेदात दिनचर्या, ऋतुचर्या व पथ्य यांचा विचार सूक्ष्म आहे हे निर्विवाद; परंतु आयुर्वेद औषध वर्ज्य मानीत नाही. काष्ठौषधी, भस्मे, रसायने हा तर त्याचा प्राण. औषध म्हणून काहीच घ्यावयाचे नाही, रोग निसर्गच बरा करतो, आपण केवळ त्याच्या वाटेतील अडथळे दूर करावयाचे, हा सिद्धान्त ज्या रूपाने आपल्याकडे आला ते रूप जर्मन भाषेतून आलेले आहे. गंगेकाठी नव्हे, तर आल्प्सच्या उत्तरेकडील थंड ओढ्यांच्या काठी त्याचा जन्म झाला.

त्याचा मूळपुरुष एक शेतकरी होता. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील सायलेशियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, ग्रेफेनबर्ग नावाचे डोंगराळ खेडे आहे. तेथे १७९९ साली विन्सेंझ प्रिसनिट्झ जन्मला. शिक्षण बेताचेच. तरुणपणी गाडीखाली सापडून त्याच्या बरगड्या मोडल्या. ओल्या फडक्याच्या पट्ट्या बांधून व भरपूर पाणी पिऊन त्याने स्वतःला बरे केले, आणि पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मग दूरदूरच्या उमरावांना तो त्याच मार्गाने बरे करू लागला. डॉक्टरांनी त्याच्यावर खटले भरले. त्याच्या स्पंजात काही गुप्त औषध असावे या संशयाने स्पंज तपासण्यात आले. आत पाण्याखेरीज काही निघाले नाही. १८५१ साली तो वारला तेव्हा ग्रेफेनबर्ग हे युरोपभर विख्यात आरोग्यस्थान झालेले होते.

लोक तिकडे का धावले, हे समजण्यासाठी तेव्हाचे राजमान्य वैद्यक कसे होते ते आठवावे लागेल. प्रिसनिट्झ जन्मला त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या विकाराने मरण पावला. अखेरच्या दिवशी त्याच्या डॉक्टरांनी त्याचे रक्त पुनःपुन्हा काढले होते. रक्तमोक्षण, पाऱ्याचे क्षार, अँटिमनीची वांतिकारके, फोड आणणारी लेपने, हीच तेव्हाची प्रतिष्ठित औषधयोजना. पाऱ्याने हिरड्या सुजून लाळ गळू लागली म्हणजे औषध लागू पडले असे मानीत! अशा काळात रोग्याला स्वच्छ हवा, गार पाणी, साधे अन्न आणि चालण्याचा व्यायाम देणारा अशिक्षित शेतकरी शास्त्रज्ञांहून अधिक माणसे वाचवीत असला तर त्यात चमत्कार कसला? त्याचे पाणी काही करो वा न करो, तो पारा देत नव्हता, हे पुरेसे होते.

पुढे बव्हेरियातील वोरिसहोफेन येथील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप याने हीच परंपरा अधिक सौम्य व व्यवस्थित केली. १८८६ सालचे त्याचे जलोपचारावरील पुस्तक घरोघर गेले. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे नाव लाइपझिगच्या लुई कूने याचे. १८८३ साली त्याने आपले उपचारगृह उघडले. टबात बेंबीपर्यंत पाणी घेऊन, पाय बाहेर ठेवून बसावे आणि फडक्याने ओटीपोट चोळीत राहावे, हे त्याचे कटिस्नान. आज कोणत्याही निसर्गोपचारगृहात जो टब दिसतो तो कूनेचा. त्याचा सिद्धान्तही टबाइतकाच सुटसुटीत होता : सर्व रोग एकच, त्याचे कारण एकच, म्हणजे शरीरात साचलेले परके द्रव्य, आणि उपाय एकच, ते बाहेर काढणे. चेहरा व मान पाहून हे द्रव्य कोठे साचले आहे ते ओळखता येते असाही त्याचा दावा होता.

येथे आम्हांला थांबावेसे वाटते. प्रिसनिट्झजवळ अनुभव होता, मत नव्हते. कूनेजवळ मत आले. पुढील साऱ्या अडचणींचे मूळ, आमच्या मते, या 'एकच' शब्दात आहे. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवून दिला होता आणि पाठोपाठ पटकीचा दाखविला. त्याच देशात, त्याच दशकात कूने सर्व रोग एकच आहेत असे शिकवीत होता. वैद्यक भेद करू लागले होते, आणि निसर्गोपचाराने भेद पुसून टाकण्याची प्रतिज्ञा केली.

कूनेचा ग्रंथ भारतात लवकर आला. १८९४ च्या सुमारास तो तेलुगूत व १९०४ च्या सुमारास हिंदी-उर्दूत उतरला. परंतु त्याला खरा आश्रय मिळाला तो दक्षिण आफ्रिकेतील एका वकिलाकडे. मलावरोध व डोकेदुखी यांनी त्रस्त असलेल्या गांधीजींच्या हाती अडॉल्फ जुस्ट याचे निसर्गाकडे परत बोलावणारे पुस्तक पडले आणि पोटावर मातीची पट्टी ठेवण्याचा प्रयोग त्यांनी सुरू केला. जुस्टने हार्झ पर्वतात आरोग्यधाम काढले होते. मातीवर त्याचा विशेष भर. गांधीजींच्या मातीच्या पट्टीचे मूळ तेथे आहे.

१९०२ साली गांधीजी मुंबईस गिरगावात बिऱ्हाड करून राहिले असता त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल, वय वर्षे दहा, विषमज्वराने आजारी पडला. जोडीला फुप्फुसदाह आणि रात्री वाताची बडबड. पारशी डॉक्टरांनी सांगितले, औषधाचा फारसा उपयोग नाही. अंडी व कोंबडीचा रस्सा द्या. पित्याने ते नाकारले आणि मुलाच्या संमतीने कूनेची कटिस्नाने व पाणी घातलेला संत्र्याचा रस एवढ्यावर त्याला ठेवले. ताप एकशेचारावर गेला. तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळून, वर कांबळी घालून, मुलाला कस्तुरबांच्या हवाली करून गांधीजी चौपाटीवर फिरावयास गेले. रात्रीचे दहा वाजले होते. त्या फेरीतील त्यांच्या मनाची तगमग त्यांनीच वर्णिली आहे. परतले तेव्हा मुलाला घाम फुटला होता. पुढे चाळीस दिवस दूधपाणी व फळांचा रस यांवर काढून मणिलाल उठला.

या प्रसंगाच्या शेवटी गांधीजींनी जे लिहिले आहे ते आम्हांला फार मोलाचे वाटते. मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला, की जलोपचाराने, की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोणी सांगावे, असा त्यांचा आशय आहे. कूनेच्या शिष्याने असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. १९०२ साली विषमज्वरावर डॉक्टरांजवळ तरी काय होते? काहीच नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल हे पहिले गुणकारी औषध १९४८ साली वापरात आले. इतकेच नव्हे, तर स्टेटिनच्या अर्न्स्ट ब्रांड याने १८६१ पासून पुरस्कारिलेली विषमज्वरातील थंड स्नानांची पद्धत युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या रुग्णालयांतून चालू होती. विल्यम ऑस्लरसारखा वैद्यकाचा आचार्य आपल्या रुग्णालयात तिचा अवलंब करीत असे. म्हणजे गिरगावातील ती ओली चादर हा वैद्यकाविरुद्ध बंडाचा झेंडा नव्हता. तत्कालीन उत्तम वैद्यकापासून ती फार लांब नव्हती. तेव्हा गांधीजींना 'वेडेपणा केला' म्हणणारे टीकाकार आणि 'चमत्कार केला' म्हणणारे भक्त दोघेही सन विसरतात. जो उपचार १९०२ साली शहाणपणाचा होता तोच १९५० साली अक्षम्य ठरला असता. मध्यंतरी उपचार बदलला नाही, त्याच्या भोवतीचे ज्ञान बदलले.

हा विचार सर्वत्र लागू पडतो असे मात्र नाही, कारण एका रोगाच्या बाबतीत ज्ञान फार पूर्वीच आलेले होते. जेन्नरची देवीची लस १७९६ सालची. मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला १४ जून १८०२ रोजी ती टोचण्यात आली, भारतातील ती पहिलीच. असे असूनही १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये आरोग्यावर जी गुजराती लेखमाला गांधीजींनी लिहिली तीत देवी काढण्यास त्यांनी कडवा विरोध केला. जनावराच्या शरीरातील घाण माणसात घालणे त्यांना अमंगळ वाटे. त्यांच्या युरोपीय गुरूंच्या वर्तुळातही हेच मत प्रचलित होते. १९३० च्या आरंभी साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांत आश्रमाचे संगीतगुरू, विष्णु दिगंबरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. साथीच्या त्या छायेतच १२ मार्चला दांडीची यात्रा निघाली आणि खरे त्या तुकडीत वाटभर भजने सांगत चालले. या मृत्यूंनी गांधीजी हादरले, मत मात्र त्यांनी बदलले नाही.

खऱ्यांच्या त्या भजनांची थोरवी कोणीही मान्य करील. परंतु त्या तीन मुलांचा हिशेब निसर्गोपचाराच्या इतिहासातून वगळण्याचा जो प्रघात आहे तो आम्हांला अप्रामाणिकपणाचा वाटतो. स्वच्छ हवा, माती व रामनाम यांनी देवी हटत नव्हती. ती हटली लशीने. देशातील अखेरचे रोगी मे १९७५ मध्ये नोंदले गेले आणि १९८० साली जगातून रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

गांधीजींच्या स्वतःच्या देहानेही त्यांची परीक्षा घेतली. १२ जानेवारी १९२४ रोजी, येरवड्याचे कैदी असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. आंत्रपुच्छदाहाला मातीची पट्टी हे उत्तर नाही, हे त्या रात्री ठरले. गांधीजींनी शस्त्रक्रियेस संमती दिली आणि इंग्रज शस्त्रवैद्याशी त्यांचा स्नेह जडला.

याच सुमारास आमच्या वडोदऱ्याशी निगडित अशी एक निराळी धारा वाहू लागली होती. डभोईस १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, येथील जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झाले आणि नंतर मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. १९२०-२१ च्या सुमारास वडोदऱ्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली यांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण व इतर उपकरणे लावून पाहिले. नौलीच्या वेळी आतड्यात बाहेरच्या हवेहून कमी दाब निर्माण होतो असे त्यांना आढळले, आणि त्या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम निघाले. 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही त्याच वर्षीचे.

कुवलयानंदांचे वेगळेपण मोजण्यात होते. प्राणायामाने शरीरास प्राणवायू अधिक मिळतो असे तेव्हा सर्वजण म्हणत, आजही म्हणतात. त्यांनी श्वासातील वायू मोजले. समजूत खरी ठरली नाही. आणि त्यांनी तसे छापले. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या हिशेबात नाही, दुसरीकडे शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. स्वतःच्या देवघरात उभे राहून असे मोजमाप करण्यास धैर्य लागते. कूनेच्या परंपरेला ते साधले नाही. १९२७ साली गांधीजींची प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता, हा दोन धारांचा संगम; पण तो टिकला नाही. औंधचे पंतप्रतिनिधी व त्यांची सूर्यनमस्कारांची चळवळ, हैदराबादेत बरीच वर्षे काढून १९१८ साली औंधास आलेले पंडित सातवळेकर, यांचेही या प्रकरणात स्थान आहे. त्यांच्यावर स्वतंत्र लेखच हवा.

१९४२ ते १९४४ या काळातील आगाखान महालातील बंदिवासात गांधीजींनी आरोग्यावरील आपले जुने लिखाण नव्याने लिहून काढले. 'आरोग्यनी चावी' हे त्याचे नाव. डिसेंबर १९४२ मध्ये ते पुरे झाले. पृथ्वी, जल, आकाश, तेज, वायू अशी प्रकरणे त्यात आहेत. कूनेचा टब आणि जुस्टची माती यांना पंचमहाभूतांचा भारतीय वेष येथे पुरता चढला. सर्व रोग एकच हा जर्मन सिद्धान्त ईश्वर एकच या भारतीय श्रद्धेला जाऊन मिळाला आणि रामनाम हा परमोपचार ठरला. आम्ही श्रद्धेचा उपमर्द करीत नाही. परंतु सिद्धान्ताला श्रद्धेचे कवच मिळाले की तो तपासता येत नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे.

त्याच महालात १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा मरणशय्येवर होत्या. डॉक्टर गिल्डर व सुशीला नय्यर होतेच. पुण्याचे निसर्गोपचारक डॉक्टर दिनशा मेहता यांना येऊ देण्यात आले. लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले. रात्री आत राहण्याची परवानगी नसल्याने ते दारात आपल्या मोटारीत झोपत. एका रोग्याभोवती तीन वैद्यके जमली होती. अखेर देवदास गांधींनी पेनिसिलिन मिळविले. ते तेव्हा अत्यंत दुर्मिळ होते, विमानाने आणविलेले. ते दर काही तासांनी टोचावे लागणार हे कळल्यावर, या थकलेल्या देहाला आता यातना कशाला, असे म्हणून गांधीजींनी मुलाला परावृत्त केले. २२ फेब्रुवारीस कस्तुरबा गेल्या. हृदय व मूत्रपिंडे आधीच थकलेली असता पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या असे छातीठोकपणे कोणीही म्हणू नये. परंतु त्यानंतर काही आठवड्यांतच गांधीजींना हिवताप आला, तेव्हा दोन दिवस फळांच्या रसावर काढून अखेर त्यांनी क्विनीन घेतली, दोन दिवसांत तेहतीस ग्रेन, आणि ताप उतरला. या दोन घटना शेजारी ठेवून गांधीजींवर दंभाचा आरोप करणारे लेखक आहेत. आम्हांला तो आरोप मान्य नाही. मरणाच्या दारातील पत्नीला सुयांपासून वाचविणे आणि स्वतःच्या बऱ्या होणाऱ्या तापावर औषध घेणे या दोहोंत विसंगती असेल, पण कपट नाही. मात्र क्विनीनच्या त्या तेहतीस ग्रेनांनी 'सर्व रोग एकच' या वचनाचे काय होते, याचा विचार त्यांच्या अनुयायांनी करावयास हवा होता. तो केला गेला नाही.

विज्ञानाने तो केला, आणि तोही भारतात. क्षयावर औषध नव्हते तोपर्यंत विश्रांती, मोकळी हवा, ऊन आणि सकस अन्न हाच जगभरचा उपाय होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीपासून स्वित्झर्लंडच्या लेझँपर्यंत सर्व आरोग्यधामे एका परीने निसर्गोपचारगृहेच होती. औषधे आल्यावर प्रश्न पडला की आरोग्यधामाची गरज उरली काय? १९५६ पासून मद्रासच्या क्षयकेंद्राने १९३ रोगी घेऊन, काहींना आरोग्यधामात व काहींना त्यांच्या कोंदट, गर्दीच्या घरात ठेवले आणि दोन्ही गटांना तीच औषधे वर्षभर दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरचे रोगी, कमी अन्न, कमी विश्रांती व वाईट हवा असूनही जवळजवळ तितकेच बरे झाले. जगभरातील आरोग्यधामे ओस पडण्यास या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. हवा व ऊन यांचे गोडवे गाणाऱ्यांनी हा निबंध एकदा वाचावा, अशी आमची विनंती आहे.

तथापि त्याच मद्रासने, म्हणजे आजच्या चेन्नईने, दुसऱ्या बाजूचाही पुरावा दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवरील तेथील अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार व चालणे यांत सुधारणा केलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत सुमारे २६ टक्क्यांनी. आणि दोन्ही केल्याने अधिक लाभ झाला नाही. अमेरिकेतील २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात तर राहणी बदलणाऱ्यांत ही घट ५८ टक्के व गोळीने ३१ टक्के होती. जंतूंच्या रोगांपुढे हरलेला निसर्गोपचार बैठ्या, भरल्या पोटाच्या रोगांत असा जिंकला. हे रोग शिक्षकांचे, कारकुनांचे आणि साहित्यसंस्थांच्या सभासदांचे आहेत, हे येथे सांगण्याची गरज नसावी! प्रिसनिट्झ आपल्या उमरावांना डोंगर चढावयास लावीत असे, तेव्हा तो बहुधा हेच करीत होता.

गांधीजींचा अखेरचा प्रयोग मात्र उमरावांसाठी नव्हता. १९४५ च्या नोव्हेंबरात दिनशा मेहतांच्या पुण्यातील संस्थेला धरून निसर्गोपचाराचा अखिल भारतीय न्यास स्थापन झाला. पण काही महिन्यांतच गांधीजींच्या ध्यानात आले की शहरात गरिबांचे रुग्णालय काढण्यात आपली चूक झाली. गरीब शहरात येणार कसा? म्हणून २२ मार्च १९४६ रोजी ते पुणे-सोलापूर लोहमार्गावरील उरुळी कांचन या खेड्यात गेले आणि ३० मार्चपर्यंत राहिले. रोगी स्वतः तपासून कटिस्नान, सूर्यस्नान, फळांचा रस आणि रामनाम यांची योजना ते करून देत. दिल्लीत इंग्रज मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ येऊन बसले होते, हिंदुस्थानचे भवितव्य ठरत होते, आणि हे गृहस्थ एका खेड्यात लोकांच्या पोटाची चौकशी करीत बसले होते. १ एप्रिलला आश्रम सुरू झाला. महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे पुढे तेथेच राहिले.

गांधीजी दिल्लीस गेले तेव्हा मागे राहिले ते सुरत जिल्ह्यातील पंचविशीचे मणिभाई देसाई. आपली राख येथेच पडेल असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. त्यांच्यापुढची अडचण साधी होती. खेडुताला संत्र्याचा रस सांगावयाचा, पण संत्री आणावयाची कोठून? दूध सांगावयाचे, पण गाय आटलेली. कटिस्नान सांगावयाचे, आणि उन्हाळ्यात पिण्यास पाणी नाही. तेव्हा मणिभाईंनी जमीन दुरुस्त केली, विहिरी व फळबागा यांकडे लक्ष वळविले, आश्रमात गीर गाई पाळल्या. १९६७ साली त्यांनी पशुसंवर्धन व शेतीविकासाचे जे प्रतिष्ठान उरुळीस काढले ते पुढे 'बाएफ' या नावाने देशभर पसरले. गोठविलेल्या रेताने संकर करून दुभत्या गाई गरीब शेतकऱ्याच्या दारात आणणे हे त्याचे मुख्य काम. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९३ च्या नोव्हेंबरात ते वारले.

प्रयोगशाळेतील नळीतून आलेले रेत आणि कूनेचा टब एकाच आवारात कसे नांदले, असे एखादा शुद्धिवादी विचारील. मणिभाईंना तो प्रश्न पडल्याचे दिसत नाही. आश्रमाचे उपचारगृह आजही चालू आहे. मातीच्या पट्ट्या, कटिस्नाने, मिताहार यांसाठी दूरवरून माणसे तेथे येऊन राहतात. आता ती बहुतेक शहरांतून येतात.